दलदलीतील थिसल : उत्तर अमेरिकेतील एका परकीय तणाचा इतिहास

प्रस्तावना

वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास हा मानवी स्थलांतराच्या इतिहासाचाच एक भाग होय. सतराव्या शतकापासून युरोपीय वसाहतवाल्यांनी उत्तर अमेरिकेत गहू, ओट, चाऱ्याची गवते, गुरेढोरे आणि मधमाश्या नेल्या. त्यांच्या बियाण्यात, गवताच्या भाऱ्यांत आणि जनावरांच्या अंगाला चिकटून अनेक वनस्पती न बोलावता गेल्या व तेथे कायमच्या स्थिरावल्या. इतिहासकार आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉलॉजिकल इम्पिरिअ‍ॅलिझम’ या ग्रंथात युरोपच्या विस्ताराची मांडणी करताना सैन्य व जहाजे यांच्या जोडीने तणांनाही स्थान दिले. तेव्हापासून तण हा इतिहासाचा विषय ठरू लागला.

अशा वनस्पतींमध्ये थिसल या काटेरी गटाला विशेष महत्त्व आहे. या गटातील शेतात माजणाऱ्या जातींचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. परंतु दलदलीत वाढणाऱ्या एका युरोपीय जातीकडे तुलनेने फारच उशिरा लक्ष गेले. ही जात म्हणजे सिर्सियम पालुस्त्रे, अर्थात युरोपीय दलदली थिसल. विसाव्या शतकाच्या आरंभी ती उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात आढळली आणि पुढे महासरोवरांच्या प्रदेशातील पाणथळ जमिनींत पसरत गेली. तिच्या प्रसाराचा इतिहास पाहता एक प्रश्न प्रकर्षाने समोर येतो. ज्या देशात थिसलविरोधी कायदे अठराव्या शतकातच होऊ लागले, त्याच देशात या थिसलची दखल घेण्यास अनेक दशके का लागली? आणि दखल घेण्याची वेळ आली तेव्हा परकीय थिसलबरोबर देशी थिसलही का धोक्यात सापडली? या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. तण कोणते आणि निरुपद्रवी वनस्पती कोणती, हे ठरविण्याची कसोटी प्रदीर्घ काळ शेती हीच होती; दलदल आणि तिच्यातील जीव त्या कसोटीच्या बाहेर राहिले.

थिसल : कूळ, नाव आणि मायदेश

‘थिसल’ हे कोणा एका वनस्पतीचे नाव नव्हे. सूर्यफुलाच्या विस्तृत कुळातील एका काटेरी गटाला ते सैलपणे लावले जाते. महाराष्ट्रातील वाचकाला या गटाचा परिचय मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. ज्वारीच्या शेताच्या कडेने लावली जाणारी करडई आणि माळरानावर दिसणारा उंटकटारा या दोन्ही वनस्पती त्याच गटातील आहेत. काटेरी पाने, बोंडासारखे टणक फुलोरे आणि त्यातून डोकावणारी तंतुमय फुले ही ओळख करडईत जशी दिसते, तशीच ती युरोपातील थिसलमध्येही दिसते.

युरोपीय दलदली थिसलचे शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५३ साली ‘कार्डुअस पालुस्त्रिस’ या नावाने केले. पुढे १७७२ साली स्कोपोली या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचा समावेश ‘सिर्सियम’ या प्रजातीत केला. ‘पालुस्त्रे’ या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘दलदलीतील’ असा आहे. ‘सिर्सियम’ हे नाव फुगलेल्या शिरेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले. अशा विकारावर ही वनस्पती औषधी मानली जात असे.

ही वनस्पती युरोपात व पश्चिम आशियात ओल्या कुरणांत, ओढ्यांच्या काठी आणि जंगलातील दमट मोकळ्या जागांत वाढते. पहिल्या वर्षी तिचा जमिनीलगत पानांचा काटेरी झुबका तयार होतो. पुढील वर्षी, क्वचित त्यानंतर, त्यातून सरळ दांडा वर येतो; तो माणसाच्या उंचीहूनही अधिक वाढू शकतो. या दांड्यावर खालपासून वरपर्यंत काटेरी पंखांसारख्या पट्ट्या असतात आणि शेंड्याला लहान जांभळ्या फुलोऱ्यांचे घोस येतात. एकदा फुलून बी धरले की ती मरते. म्हणजेच तिचा वंश सर्वस्वी बियांवर अवलंबून असतो आणि केसाळ तुऱ्यामुळे या बिया वाऱ्यावर वाहून जातात.

मायदेशी या वनस्पतीची प्रतिष्ठा काय आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. स्कॉटलंडने थिसलला राष्ट्रचिन्ह मानले. तेथील ‘ऑर्डर ऑफ द थिसल’ या सन्मानाची स्थापना १६८७ साली झाली. ब्रिटनच्या १९५९ च्या तणविषयक कायद्यात पाच उपद्रवी वनस्पतींची नावे होती. त्यात थिसलच्या दोन जाती होत्या. परंतु दलदली थिसल त्यात नव्हती. उलट, २०१६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले, की ब्रिटनमधील एकूण मकरंदापैकी निम्म्याहून अधिक मकरंद केवळ चार वनस्पती देतात आणि दलदली थिसल ही त्या चारांपैकी एक होय. ब्रिटनमधील मधमाश्या व भुंगे जिच्यावर मोठ्या प्रमाणात पोसले जातात, तीच वनस्पती अटलांटिकच्या पलीकडे उपद्रवी ठरली. तिचे गुणधर्म तेच राहिले. बदलले ते तिच्या भोवतीचे जीवसृष्टीचे संबंध.

शेतातील थिसल आणि पहिले कायदे

उत्तर अमेरिकेतील थिसलचा इतिहास दलदलीत नव्हे तर शेतात सुरू होतो. सिर्सियम आर्व्हेन्से ही युरोपीय जात सतराव्या शतकात, बहुधा पिकांच्या बियाण्यात मिसळून, फ्रेंच व इंग्रज वसाहतींत पोहोचली. जमिनीखाली पसरणाऱ्या मुळांपासून तिला नवे कोंब फुटतात. नांगराने मुळे तुटली की प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. न्यू इंग्लंडमधील शेतकऱ्यांनी तिला ‘कॅनडा थिसल’ असे नाव दिले. वस्तुतः तिचा कॅनडाशी मायदेश म्हणून काहीही संबंध नव्हता. नको असलेली वस्तू शेजाऱ्याच्या नावावर घालण्याची ही जुनी रीत होती.

या तणाचा बंदोबस्त करण्यासाठी व्हरमाँट राज्याने १७९५ साली कायदा केला. हे राज्य अमेरिकन संघराज्यात सामील झाल्याला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. न्यूयॉर्क राज्याने १८३१ साली असाच कायदा केला. पुढे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत अनेक राज्यांनी तणविषयक कायदे केले. या कायद्यांमागील विचार स्पष्ट होता. एका शेतकऱ्याच्या आळसामुळे त्याच्या शेतातील तणाचे बी शेजाऱ्याच्या शेतात जाते व त्याचे नुकसान होते. म्हणून तण काढणे ही जमीनधारकाची सार्वजनिक जबाबदारी मानण्यात आली. येथे फिर्यादी शेजारी होता आणि नुकसान पिकाचे होते.

दक्षिण अमेरिकेतील अनुभवही याच काळातील आहे. चार्ल्स डार्विनने १८३३ साली आजच्या उरुग्वे व अर्जेंटिनाच्या प्रदेशातून प्रवास करताना युरोपातून आलेल्या काटेरी कार्डून वनस्पतीने शेकडो चौरस मैल जमीन व्यापल्याचे पाहिले. त्या झुडपांतून माणसाला अथवा जनावराला वाट काढता येत नव्हती. एकाच परकीय वनस्पतीने देशी वनस्पतींवर इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेली चढाई अन्यत्र नोंदलेली असेल काय, अशी शंका त्याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात व्यक्त केली. डार्विनची ही नोंद महत्त्वाची आहे. कारण तिच्यात पिकाच्या नुकसानीचा हिशेब नसून, मूळच्या वनस्पती हटल्या या गोष्टीकडे लक्ष वेधलेले आहे. ही दृष्टी कायद्यात उतरण्यास मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

पडीक मानलेली दलदल

शेतातील थिसलविरुद्ध कायदे होत असताना दलदलीचे स्थान काय होते? अमेरिकेच्या केंद्र सरकारने १८४९, १८५० व १८६० या वर्षी दलदल जमिनींविषयी कायदे केले. त्यांपैकी १८५० च्या कायद्यान्वये मिशिगन व विस्कॉन्सिन यांच्यासह अनेक राज्यांना केंद्राच्या मालकीच्या दलदली देण्यात आल्या. त्या विकाव्यात व त्या उत्पन्नातून जमिनी कोरड्या करून लागवडीखाली आणाव्यात, असा हेतू त्यामागे होता. दलदल म्हणजे हिवतापाचे माहेर, वाहतुकीतील अडथळा आणि वाया गेलेली जमीन, अशी त्या काळची धारणा होती.

या धोरणाचे परिणाम दूरगामी झाले. केंद्रीय वन्यजीव खात्याच्या १९९० च्या अहवालानुसार अलास्का व हवाई वगळता उर्वरित ४८ राज्यांतील सुमारे ५३ टक्के पाणथळ क्षेत्र १७८० चे दशक ते १९८० चे दशक या दोनशे वर्षांत नाहीसे झाले. मिशिगनमध्ये हे प्रमाण ५० टक्के, तर विस्कॉन्सिनमध्ये ४६ टक्के होते. जी क्षेत्रे उरली, त्यांतही चर खणले गेले, रस्त्यांसाठी भराव टाकले गेले आणि लाकूडतोड झाली.

दलदलीकडे पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकात हळूहळू बदलू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील अध्यापक आल्डो लिओपोल्ड यांनी १९३७ साली करकोच्यांच्या दलदलीवर लिहिलेला ‘मार्शलँड एलिजी’ हा निबंध या बदलाची एक महत्त्वाची खूण होय. परंतु कायद्याचे संरक्षण मिळण्यास त्यानंतरही अनेक वर्षे जावी लागली. इराणमधील रामसर येथे पाणथळ क्षेत्रांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली झाला आणि अमेरिकेत १९७२ च्या जलविषयक कायद्याने दलदलीत भराव टाकण्यासाठी परवानगी आवश्यक ठरविली. याचा अर्थ असा, की १७९५ पासून १९७२ पर्यंतच्या जवळजवळ १८० वर्षांत थिसल हा शेताचा शत्रू मानला गेला, पण दलदलीला शत्रू असू शकतो ही कल्पनाच कायद्याला परिचित नव्हती.

युरोपीय दलदली थिसलचा प्रवास

याच काळात युरोपीय दलदली थिसलने उत्तर अमेरिकेत पाऊल ठेवले. तिच्या प्रवासाची साधने म्हणजे वनस्पतिसंग्रहालयांत जपलेले वाळलेले नमुने होत. प्रत्येक नमुन्याच्या कागदावर स्थळ, दिनांक आणि संग्राहकाचे नाव असते. इतिहासकाराला दप्तरातील कागदाचा जो उपयोग, तोच येथे या नमुन्यांचा. अर्थात पहिला नमुना म्हणजे पहिले आगमन नव्हे. जाणकार डोळ्याला ती वनस्पती केव्हा दिसली, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्ष आगमन त्यापूर्वीचे असते.

न्यू हॅम्पशायरमधून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आणि न्यूफाउंडलंडमधून १९१० साली या वनस्पतीच्या नोंदी मिळतात. मिशिगन राज्याच्या उत्तर भागातील मार्क्वेट परगण्यात ती १९३४ साली आढळली. मार्क्वेट हे सुपीरियर सरोवराच्या काठचे लोहखनिजाच्या निर्यातीचे बंदर होते व त्याच्या भोवतालच्या अरण्यात लाकूडतोडीची कामे चालत. विस्कॉन्सिनमध्ये ती १९६१ साली मॅरिनेट परगण्यात, म्हणजे मिशिगनच्या सीमेलगत, नोंदली गेली. मॅरिनेट हेही लाकडाच्या व्यापारावर वाढलेले गाव होते आणि याच परिसराने १८७१ साली पेश्टिगोच्या भीषण वणव्याचा अनुभव घेतला होता. पश्चिमेकडे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही ती जंगलतोड झालेल्या दमट पट्ट्यांत मोठ्या प्रमाणावर पसरली.

या स्थळांकडे एकत्र पाहिले असता एक आकृती दिसू लागते. लाकूडतोडीने उघडी पडलेली ओली जमीन, रस्त्याकडेचे चर, विजेच्या तारांखाली साफ ठेवलेले पट्टे आणि यंत्रांच्या चाकांनी उकरलेली माती या जागी तिचे बी प्रथम रुजते. चरांतून ती रस्त्याच्या कडेने पुढे सरकते आणि रस्ता जेथे दलदलीला छेद देतो तेथे आत शिरते. आरंभी ती विस्कळित जमिनीपुरतीच मर्यादित दिसते. परंतु कॅनडा थिसल दलदलीत क्वचितच टिकाव धरते, तर ही जात मुळातच ओलाव्याची असल्याने माणसाचा फारसा हात न लागलेल्या लव्हाळ्याच्या कुरणांत, पांढऱ्या सिडारच्या दलदली अरण्यात आणि भूजलावर पोसलेल्या खनिजसंपन्न दलदलीतही ती वाढू शकते. चरणारी जनावरे तिचे काटे टाळतात व शेजारची मऊ झाडे खातात. एका झाडापासून हजारभर वा त्याहूनही अधिक बिया तयार होऊ शकतात.

तरीही या वनस्पतीविरुद्ध कोणी फिर्याद केली नाही. तिच्यामुळे गव्हाचे पीक घटले नाही, शेजाऱ्याचे शेत बिघडले नाही. विस्कॉन्सिन राज्याने आक्रमक जातींविषयी जी सर्वसमावेशक नियमावली २००९ साली अमलात आणली, तीत या थिसलचा समावेश झाला. राज्यातील पहिल्या नोंदीपासून या नियमापर्यंत ४८ वर्षे लोटली होती. ही नियमावली जुन्या तणकायद्यांपेक्षा मूलतः वेगळी होती. पिकाला होणाऱ्या अपायाबरोबरच देशी जीवसृष्टीला होणारा अपाय हाही तिच्यात कारवाईचा आधार मानला गेला. डार्विनने १८३३ साली जे पाहिले होते, त्याला अशा रीतीने कायद्याच्या भाषेत स्थान मिळाले.

सोंडकिड्याचा धडा

मध्यंतरीच्या काळात थिसलविरोधी मोहिमेला एक वेगळे वळण मिळाले होते. कुरणांत माजणाऱ्या कार्डुअस नुटान्स या दुसऱ्या एका युरोपीय थिसलचा बंदोबस्त करण्यासाठी रायनोसिलस कोनिकस हा युरोपीय सोंडकिडा १९६८ साली कॅनडात आणि १९६९ साली अमेरिकेत सोडण्यात आला. या किड्याच्या अळ्या थिसलच्या फुलोऱ्यात वाढतात व तयार होणारे बी खातात. रसायनांचा वापर न करता तणाचा प्रसार रोखण्याचा हा मार्ग त्या काळी अत्यंत आश्वासक वाटला आणि अनेक ठिकाणी त्याला यशही आले.

असा कीटक आणण्यापूर्वी तो उपयुक्त वनस्पती खाईल काय, याची चाचणी केली जाते. थिसलवरील कीटकांच्या बाबतीत करडई आणि आर्टिचोक ही पिके सुरक्षित राहणे ही महत्त्वाची कसोटी होती; कारण ती याच गटातील आहेत. सिर्सियम प्रजातीच्या वनस्पतींवरही हा सोंडकिडा जगू शकतो, हे चाचण्यांत दिसले होते. परंतु उत्तर अमेरिकेत या प्रजातीच्या अनेक देशी जाती आहेत, त्या कोणत्याही शेताला उपद्रव देत नाहीत, ही बाब निर्णायक मानली गेली नाही. पीक सुरक्षित असेल तर प्रयोग सुरक्षित, असा त्यामागील विचार होता.

याचे परिणाम जवळजवळ तीन दशकांनी स्पष्ट झाले. स्वाता लाउडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेब्रास्काच्या वालुकामय टेकड्यांच्या प्रदेशात केलेले संशोधन १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सोंडकिडा देशी थिसलच्या फुलोऱ्यांत शिरला असून प्लॅट थिसल या देशी जातीच्या बीजोत्पादनात त्यामुळे मोठी घट झाली आहे, असे त्यातून दिसून आले. ज्या वनस्पती केवळ बियांवर जगतात, त्यांच्या दृष्टीने ही घट जीवनमरणाची असते. पुढे लॅरिनस या प्रजातीचा दुसरा परकीय सोंडकिडा पिचर थिसलवर आढळला. महासरोवरांच्या काठच्या वाळूच्या टेकड्यांखेरीज जगात अन्यत्र कोठेही न सापडणारी ही जात १९८८ पासून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याखाली संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. एकीकडे कायद्याने जिचे रक्षण करावयाचे, तिच्याच बियांवर परदेशातून आलेला कीटक पोसला जात होता. सुक्याबरोबर ओले जळते, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरली.

कायद्यांच्या भाषेतही हाच दोष होता. आयोवा राज्याच्या तणकायद्यात काही जातींची नावे दिल्यानंतर ‘सिर्सियम व कार्डुअस या प्रजातींमधील इतर सर्व थिसल’ असा सरसकट उल्लेख दीर्घकाळ होता. एका वाक्यात देशी व परदेशी यांतील भेद पुसला गेला. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांच्यासमोर शेत होते आणि शेताच्या दृष्टीने प्रत्येक काटेरी झाड सारखेच होते.

दोन दलदली थिसल

युरोपीय दलदली थिसलच्या बाबतीत हा भेद अधिकच नाजूक आहे. कारण ती ज्या दलदलीत शिरली, तेथे तिचीच एक देशी भगिनी पूर्वीपासून नांदत होती. सिर्सियम म्युटिकम हे तिचे शास्त्रीय नाव. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो यांच्या १८०३ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेच्या वनस्पतिग्रंथात तिचे वर्णन आले. ‘म्युटिकम’ म्हणजे टोक नसलेले. तिच्या फुलोऱ्याभोवतीच्या छदांना काटे नसतात व त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी लव दिसते. तिच्या दांड्यावर काटेरी पंख नसतात. फुलोरेही परदेशी जातीपेक्षा मोठे असतात. फुललेली झाडे शेजारी ठेवली तर हा भेद कोणालाही दिसेल. परंतु पहिल्या वर्षी दोन्ही जाती केवळ पानांच्या झुबक्याच्या रूपात असतात आणि तेव्हा त्यांतील फरक ओळखणे सरावाचे काम असते.

या देशी थिसलवर इतर जीव अवलंबून आहेत. अमेरिकन गोल्डफिंच हा पिवळा पक्षी थिसलचे बी खातो व तिच्या केसाळ तुऱ्यांचा घरट्यासाठी उपयोग करतो. याहून घनिष्ठ नाते कॅलेफेलिस म्युटिकम या लहानशा तपकिरी-नारिंगी फुलपाखराचे आहे. त्याच्या पंखांवर धातूसारख्या चमकणाऱ्या रेषा असतात. त्याच्या अळ्या या देशी दलदली थिसलची पाने खाऊन वाढतात. १९३७ साली शास्त्रीय वर्णन करताना या फुलपाखराला त्या वनस्पतीचेच नाव देण्यात आले. खनिजसंपन्न दलदली कमी होत गेल्या तसे हे फुलपाखरूही दुर्मिळ झाले व विस्कॉन्सिन राज्याच्या धोक्यातील जातींच्या यादीत त्याचा समावेश करावा लागला.

त्यामुळे दलदलीतील थिसल काढण्यासाठी जाणाऱ्या माणसाच्या हातात केवळ कुदळ असून भागत नाही. युरोपीय दलदली थिसलचा बंदोबस्त तत्त्वतः कठीण नाही. ती मुळांपासून पसरत नसल्याने फुलण्यापूर्वी खणून काढली किंवा मुळाच्या माथ्याखाली तोडली की त्या झाडाचा वंश तेथेच संपतो. फुललेले बोंड तोडून टाकले तरी त्यातील बी पिकू शकते, म्हणून ते पिशवीत भरून बाहेर न्यावे लागते. परंतु जर ओळख चुकली आणि देशी थिसलचा झुबका उपटला गेला, तर एका झाडाबरोबर फुलपाखराच्या अळ्यांची पिढीही जाते. आणि काहीच केले नाही, तर परदेशी थिसलच्या दाटीत देशी थिसलला जागा उरत नाही. दोन्ही बाजूंनी हानी एकाच वनस्पतीची व एकाच फुलपाखराची होते. या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे अचूक ओळख. आणि ही ओळख ज्यांच्यामुळे शक्य होते, ते वाळलेल्या नमुन्यांचे कागद बहुधा महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या संग्रहालयांतच असतात.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ‘तण’ ही निसर्गाने ठरविलेली जात नसून समाजाने दिलेले पद आहे. युरोपीय दलदली थिसल ब्रिटनमध्ये मकरंदाचा प्रमुख आधार ठरते, तर महासरोवरांच्या प्रदेशात ती आक्रमक ठरते. म्हणून कोणत्याही वनस्पतीविषयीचा निर्णय स्थळ व काळ यांच्या संदर्भातच घ्यावा लागतो.

२) अमेरिकेतील थिसलविरोधी कायदे १७९५ पासून पिकाच्या हितासाठी झाले. त्याच काळात दलदली पडीक मानून कोरड्या केल्या जात होत्या. म्हणूनच दलदलीतील परकीय वनस्पतीची दखल पहिल्या नोंदीनंतर अनेक दशकांनी घेतली गेली. हा विलंब माहितीच्या अभावाइतकाच मूल्यांच्या क्रमामुळे झाला.

३) परकीय वनस्पतीच्या प्रसाराचे मार्ग माणसाने तयार केलेले असतात. लाकूडतोड, चर, भराव आणि रस्ते यांनी दलदलीची कवाडे उघडली. वाऱ्यावरचे बी त्यातून आत आले.

४) १९६८ चा सोंडकिड्याचा प्रयोग आणि सरसकट शब्दयोजनेचे कायदे यांतून असे दिसते, की नियंत्रणाच्या उपायातही पिकाचेच माप वापरले गेले. त्याची किंमत देशी थिसलना मोजावी लागली.

५) देशी व परदेशी यांतील भेद ओळखण्याचे ज्ञान हा संवर्धनाचा पाया होय. वर्गीकरणशास्त्र व वनस्पतिसंग्रहालये यांना जुनाट व निरुपयोगी समजण्याची प्रवृत्ती या पायालाच धक्का देणारी आहे.

व्हरमाँटच्या शेतकऱ्याला १७९५ साली कायदा मिळाला, कारण त्याला आपले गाऱ्हाणे मांडता येत होते. दलदलीला वाचा नाही. तिच्या वतीने बोलणाऱ्याला आधी तिच्यातील दोन थिसल वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.